घर कोणाचे, कोंडी कोणाची?

२२ मार्च २०२० च्या मध्यरात्री मुंबईची लोकल बंद झाली. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि चार तासांत सारा देश बंद झाला. ‘घरीच राहा’ असा हुकूम निघाला. पण ठाकुर्ली, कल्याण, डोंबिवलीतील ज्या कष्टकऱ्याचे घर म्हणजे दहा बाय दहाची खोली, त्यात सहा माणसे आणि संडास सार्वजनिक, त्याने घरी राहायचे ते कसे?

ब्रिटनमध्येही २३ मार्च २०२० ला असाच हुकूम निघाला. मात्र काम थांबलेल्यांचा ८० टक्के पगार, महिन्याला २५०० पौंडांच्या मर्यादेत, तेथील सरकारने भरला. दिवसातून एकदा व्यायामासाठी बाहेर पडण्याची मुभा होती. तरीही माणसे एकटेपणाने खचली आणि घरात अत्याचार सोसणाऱ्या स्त्रियांचे मदतीसाठी येणारे फोन वाढले. पगार हाती असूनही जेथे मने खचली, तेथे रोजंदारी बुडालेल्या आमच्या माणसाचे काय झाले असेल? आपल्याकडेही राष्ट्रीय महिला आयोगाकडे तक्रारी वाढल्या. एका मोबाइलवर तीन भावंडांची शाळा भरली आणि मागे पडली ती बहुधा मुलगी.

याहून बोचणारी गोष्ट आपल्याच शहरात घडली. मे २०२० मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने मुंबईत अत्यावश्यक सेवेत काम करणाऱ्यांना मुंबईतच राहण्यास फर्मावले. विरोध झाल्यावर हा आदेश मागे घ्यावा लागला. म्हणजे एकाला घराबाहेर पडण्याची बंदी, तर रुग्णालयात आणि सफाईच्या कामात राबणाऱ्याला घरी परतण्याची बंदी! टाळ्या आणि थाळ्या वाजवून त्यांचा गौरव झाला आणि त्यांच्याच सावलीची भीती बाळगली गेली. ‘सामाजिक अंतर’ हा शब्द तेव्हा सर्रास वापरला गेला. खरे तर अंतर शरीराचे ठेवायचे होते. सामाजिक अंतर काय असते, हे आमच्या समाजाला कोणी शिकवण्याची गरज नाही. विटाळाची ती जुनी सवय रोगाच्या निमित्ताने पुन्हा वर आली, हे विसरता येणार नाही.

टाळेबंदी उठली, पण मनावरचे ओझे उतरले नाही. आमच्या वस्तीत मनाच्या दुखण्याला आजही ‘वेड’ म्हणतात आणि लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. हे किती घरांत माहीत आहे?

१४ एप्रिल २०२० ला आपण जयंती घरातच साजरी केली. मिरवणूक नाही, गर्दी नाही. समाजाने शिस्त पाळली. आता त्याच शिस्तीने पुढचे काम हाती घेतले पाहिजे. प्रत्येक विहारात मुलांसाठी अभ्यासिका हवी, स्त्रियांना निर्भयपणे बोलता येईल अशी जागा हवी आणि महापालिकेच्या दवाखान्यात समुपदेशक नेमावा, अशी मागणी हवी. माणसाला हवेशीर घर आणि घरी परतण्याचा मान मिळणे हा मेहरबानीचा नव्हे, हक्काचा प्रश्न आहे. पुढची साथ येण्याआधीच तो लढवला पाहिजे.