पहिली नाव आणि घरची वाट



आपल्या विद्यापीठामागच्या डोंगरातील लेणी आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यातल्या सातव्या लेण्याच्या दाराशेजारी बोधिसत्त्व अवलोकितेश्वराची उभी मूर्ती आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना आठ संकटांत सापडलेली माणसे कोरलेली आहेत. कुणाला आगीने घेरले आहे, कुणावर सिंह चालून आला आहे, कुणी बेड्यांत जखडलेला आहे. त्याच चौकटींत एक संकट बुडणाऱ्या नावेचे आहे. आता आपल्या छत्रपती संभाजीनगरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. मग इथल्या दगडात नाव कोणी आणि कशासाठी कोरली?

उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक दर्यावर्दी प्रवासवर्णनात पैठण आणि तेर या दोन बाजारपेठांची नावे आहेत. तिथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जाई आणि तिथून गलबतांत चढे. सोपारा, कल्याण ही बंदरेही त्या काळी गजबजलेली होती, आणि तिथल्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानाचे शिलालेख आजही कान्हेरीच्या लेण्यांत आहेत. एकीकडे बौधायनाचे धर्मसूत्र समुद्रप्रवासाला पातित्य आणणारे पाप ठरवीत होते. दुसरीकडे बौद्ध उपासक समुद्र ओलांडून जात होते आणि परत आल्यावर लेण्यांना दान देत होते. म्हणून समुद्र हा आपल्याला परका विषय नाही. आजच्या सदरात एका नावेची गोष्ट सांगायची आहे. ती नाव मुंबईच्या कामगारांच्या हातची आहे, आणि पहिले घर घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ती गोष्ट ऐकावी अशी आहे.

१९६०च्या दशकात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा एक इंग्रज तरुण आगबोटीवर अधिकारी होता. त्याच्या कंपनीच्या बोटी मुंबईहून ये-जा करीत. त्याला स्वतःची पहिली शिडाची नाव हवी होती. तीत राहायचे आणि तीच चालवीत आपल्या देशी, इंग्लंडला, जायचे असा त्याचा बेत. तयार नाव घेण्याइतका पैसा नव्हता. म्हणून त्याने इंग्लंडातून टपालाने नकाशे मागविले आणि मुंबईतच नाव बांधायला दिली. आलेले नकाशे त्याच्या मनातल्या नावेचे नव्हते. ते जुन्या धाटणीच्या, जाड बांध्याच्या, संथ चालीच्या नावेचे होते. ही धाटणी नॉर्वेच्या किनाऱ्यावर वादळात सापडलेल्या कोळ्यांना सोडवायला जाणाऱ्या नावांवरून आलेली. त्याने फार घोळ घातला नाही. दिसायला देखणी नसली तरी बुडणार नाही, एवढे पाहून त्याने तीच पत्करली.

कुलाब्याच्या कारखान्यात आपल्या देशी सुतारांनी ती सागवानी लाकडात उभी केली. विजेची यंत्रे नव्हती. तासणीने लाकूड तासायचे, हाताने दोरी ओढून फिरवायच्या सामत्याने भोके पाडायची, फळीला फळी जुळवायची. नाव १९६४ साली पाण्यात उतरली. लांबी बत्तीस फूट, रुंदी अकरा फूट, म्हणजे चाळीतल्या दोन-तीन खोल्या एकापुढे एक ठेवाव्यात एवढी. अरब खलाशी इराणच्या आखातातल्या आग्नेय वाऱ्याला जे नाव देतात तेच तिला दिले : सुहेली.

आमच्या भगिनींना साहजिकच प्रश्न पडेल की अशा नावेत संसार चालतो कसा? झोपायला भिंतीला लागून अरुंद फळ्या असतात. माणूस झोपेत पडू नये म्हणून कडेला कापड नाही तर फळी लावतात. चूल अशी टांगलेली असते की नाव कितीही कलली तरी वरचे भांडे सरळ राहते. गोडे पाणी टाकीत मोजून भरलेले असते. ते पिण्यापुरते आणि स्वयंपाकापुरते. अंग धुवायला खारे. उघडे कपाट चालत नाही, प्रत्येक डब्याला कडी हवी. नावेच्या पोटाखाली शिसे किंवा लोखंड असे जड वजन बसविलेले असते. वाऱ्याने नाव आडवी पडली तरी ते वजन तिला पुन्हा उभी करते. वाऱ्याला पैसे पडत नाहीत. पण शीड फाटते, दोर झिजतो, लाकडाच्या सांध्यांतून पाणी शिरते. म्हणून नाव घेताना लागतो तो पहिला खर्च, आणि ती चालू ठेवायला लागतो तो रोजचा खर्च. हा दुसरा खर्च जो विसरला तो बंदरातच अडकला.

सुहेलीची घरवापसी १९६५च्या अखेरीस मुंबईहून सुरू झाली. बरोबर त्याचा भाऊ आणि एक मित्र होता. अरबस्तानचा किनारा, मग आफ्रिकेचा पूर्व किनारा असे टप्प्याटप्प्याने ते दक्षिणेकडे उतरले. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन बंदरात पोचेपर्यंत खिसा रिकामा झाला. आता काय करावे? नाव विकावी, की कर्ज काढावे? त्यांनी दोन्ही केले नाही. नाव बंदरात बांधली, तिथेच कामधंदा केला, पैसे साठविले, आणि काही महिन्यांनी पुन्हा शीड उभारले. केप टाऊनहून मात्र वाटेत कुठेही न थांबता ७४ दिवसांत ते १९६७ साली इंग्लंडला पोचले. मुंबईची नाव घरी पोचायला वर्षाहून अधिक काळ लागला. पण पोचली तेव्हा तिची प्रत्येक फळी, प्रत्येक दोर त्या तरुणाच्या ओळखीचा झाला होता.

या ओळखीचे मोल पुढच्याच वर्षी कळले. १९६८ साली इंग्लंडातल्या एका वृत्तपत्राने एकट्याने, कुठेही न थांबता, शिडाच्या नावेतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत जाहीर केली. नऊ जण निघाले. त्यांत सुहेली लहान, जुन्या धाटणीची आणि संथ. वाटेत तिला गळती लागली तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन स्वतः समुद्रात उतरला आणि पाण्याखाली सांधे बुजवून वर आला. रेडिओ बंद पडला, सुकाणू आपोआप धरणारी योजना मोडली. तरी नाव चालत राहिली. १४ जून १९६८ला निघालेली सुहेली २२ एप्रिल १९६९ला परत आली. नऊ जणांत शर्यत पुरी करणारा तो एकटाच. एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो जगातला पहिला माणूस ठरला आणि त्याचे नाव जगभर झाले. कुलाब्याच्या ज्या सुतारांनी ती नाव घडविली त्यांची नावे आज किती जणांच्या ओठी आहेत? लेण्यांवर दात्यांची नावे कोरलेली सापडतात, छिन्नी धरणाऱ्या हातांची क्वचितच. श्रम करणाऱ्याचे नाव पुसले जाण्याची ही रीत आपल्या समाजाला चांगली ठाऊक आहे.

आता त्याच शर्यतीतल्या दुसऱ्या नावेची गोष्ट ऐका. डोनाल्ड क्रोहर्स्ट या गृहस्थाचा यंत्रे बनविण्याचा लहानसा धंदा होता आणि तो तोट्यात होता. बायको, चार मुले. शर्यत जिंकली की सारे प्रश्न सुटतील असे त्याने मनाशी घेतले. एका धनिकाच्या पैशावर त्याने अगदी नव्या तऱ्हेची, वेगवान नाव बांधून घेतली. करार असा होता की त्याने शर्यत सोडली तर ती नाव त्यानेच विकत घ्यावी. म्हणजे घर आणि धंदा दोन्ही पणाला लागले. नाव अर्धवट तयार असतानाच ३१ ऑक्टोबर १९६८ रोजी, निघण्याच्या शेवटच्या दिवशी, तो निघाला. थोड्याच दिवसांत त्याला कळून चुकले की ही नाव दक्षिणेच्या समुद्रात टिकणार नाही. पुढे जावे तर मरण, मागे यावे तर दिवाळे. मग तो अटलांटिक समुद्रातच फिरत राहिला आणि रेडिओवरून खोटे ठिकाण कळवीत राहिला. १० जुलै १९६९ रोजी त्याची नाव भर समुद्रात रिकामी सापडली. त्याने स्वतःच आपले जीवन संपविले असे मानले जाते. नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाचे पाच हजार पौंड क्रोहर्स्टच्या पत्नीला आणि मुलांना देऊन टाकले. आपण याला दान म्हणतो.

एक नाव माणसाला घेऊन गेली, दुसरी नाव माणसाच्या डोक्यावर बसली. तथागतांनी भिक्खूंना तराफ्याचा दृष्टान्त दिला होता. नदी ओलांडायला माणसाने तराफा बांधला, पलीकडे पोचला, आणि उपकार मानून तोच तराफा डोक्यावर घेऊन चालू लागला, तर त्याला शहाणा म्हणाल काय? तो दृष्टान्त धम्माच्या शिकवणीविषयी आहे; पण संसारातही तो लागू पडतो. नावेने आपल्याला वाहावे, आपण नावेला नव्हे.

गृहस्थाने कसे जगावे हे विचारायला दीघजाणू नावाचा कोलिय उपासक तथागतांकडे आला तेव्हा त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. उट्ठानसंपदा, म्हणजे आपल्या कामात कुशल आणि उद्योगी असणे. आरक्खसंपदा, म्हणजे घामाने मिळविलेले जपणे. कल्याणमित्तता, म्हणजे भल्या माणसांची संगत. आणि समजीविकता, म्हणजे तराजू धरणाऱ्यासारखे जमा आणि खर्च तोलून जगणे. सुहेलीच्या प्रवासात या चारही गोष्टी दिसतात. क्रोहर्स्टच्या नावेत पहिली थोडीफार होती, शेवटची अजिबात नव्हती.

जपण्याचे मोल बाबासाहेबांच्या चरित्रातही आहे. १९१७ साली ते विलायतेहून परतले तेव्हा त्यांची पुस्तके आणि सामान दुसऱ्या बोटीने येत होते. महायुद्धात ती बोट पाणतीराच्या माऱ्याने बुडाली. पुस्तके गेली, पण सामानाची भरपाई म्हणून मिळालेल्या रकमेने पुढे बडोद्याला जाण्याची सोय झाली. गरिबाच्या घरात विमा आणि पावती ही चैन नसते, तो आधार असतो.

आपल्या देशातही पुढे ही विद्या रुजली. सैन्याच्या अभियंत्यांनी इंग्लंडात एक वापरलेली नाव घेतली, ती समुद्रमार्गे मुंबईला आणली, तिला ‘तृष्णा’ नाव दिले आणि तिच्यातूनच १९८५ ते १९८७ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. नौदलाचे दिलीप दोंदे यांनी तर आधी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे जाऊन धडे घेतले. मग गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही नाव उभी राहिली. दोंदे बांधकामात सोबत होते. २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. २०१७-१८ साली नौदलाच्या सहा मुलींनी ‘तारिणी’ नावेतून तीच वाट चोखाळली, आणि २०२४-२५ साली त्याच नावेतून दिलना आणि रूपा या दोघीच जाऊन आल्या. नाव घडताना जो पाहतो, तोच ती वादळात सांभाळू शकतो, हा धडा कुलाब्याहून दिवाडीपर्यंत पोचला.

आपल्यापैकी शिडाची नाव घेणारे विरळा. पण वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत पाळ्या करून पै-पै साठविणारे, गुंठेवारीतला प्लॉट किंवा दोन खोल्या घेऊ पाहणारे घरोघरी आहेत. वापरलेली नाव घेणारा जाणकार काय करतो ते पाहा. तो नाव पाण्याबाहेर काढायला लावतो, तिचा तळ ठोकून आवाज ऐकतो, डोलकाठीचे ताण-दोर तपासतो, कागदपत्र कुणाच्या नावावर आहेत ते पाहतो, आणि सगळा पैसा किमतीत न घालता दुरुस्तीसाठी वेगळा राखतो. रंग नवा आहे म्हणून तो भुलत नाही. घराचेही तसेच. सात-बारा आणि खरेदीखत जाणत्या माणसाकडून वाचून घ्या. पावसाळ्यात एकदा जाऊन भिंत आणि गटार पाहा. हप्ता एवढाच ठरवा की एका महिन्यात पाळी बंद पडली तरी चूल बंद पडू नये. कागदावर घरातल्या बाईचेही नाव घाला, कारण वादळात सुकाणू तिच्याही हाती येते. पैसा संपला तर डर्बनच्या बंदराची आठवण ठेवा. थांबणे म्हणजे हरणे नव्हे. सावकाराकडे जाण्याआधी काही महिने उशिराने घरी पोचलेले बरे. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत कर्ज नसण्याचे सुख हे एक आहे.

आणि पुढच्या खेपेला मुलांना घेऊन सातव्या लेण्यात जाल तेव्हा ती बुडणारी नाव त्यांना जरूर दाखवा. हात जोडून उभी असलेली त्या नावेतली माणसे पैठण-सोपाऱ्याच्या वाटेवरची, आपल्यासारखीच कष्ट करणारी होती, हेही सांगा. जमले तर त्यांना पोहायला शिकवा, आणि एखाद्या मुलाने वा मुलीने नौदलात, जहाजावर किंवा नावा बांधण्याच्या धंद्यात जायचे म्हटले तर वाट अडवू नका. समुद्र ओलांडणे पाप मानणाऱ्यांची वाट आपण १९५६ साली दीक्षाभूमीवर सोडून आलो आहोत.

भवतु सब्ब मंगलं! जय भीम!