पिकअपमधील हायड्रॉलिक हायब्रिड : कुकटपल्लीच्या रस्त्यावरचा हिशेब

पुणे-सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 65 कुकटपल्लीत शिरताच महामार्ग उरत नाही. मियापूर ते मूसापेठ या टप्प्यात वर मेट्रो आणि खाली सिग्नलमागून सिग्नल अशी स्थिती आहे. बालानगर आणि जीडीमेटला या औद्योगिक वसाहती शेजारीच असल्याने सुटे भाग, किराणा, फर्निचर वाहणाऱ्या पिकअप गाड्यांची येथे दिवसभर वर्दळ असते. या गाड्यांचे काम थांबण्याचे आणि पुन्हा निघण्याचे. डिझेल जाळून मिळवलेला वेग प्रत्येक ब्रेकसरशी उष्णता होऊन निघून जातो. हा अपव्यय थांबवण्याचा हायड्रॉलिक हायब्रिड हा एक मार्ग आहे, आणि तो नवा नाही.

या यंत्रणेत बॅटरी नसते. ब्रेक दाबताच चाकांच्या गतीवर एक पंप फिरतो आणि तेल एका भक्कम टाकीत ढकलतो. टाकीतील नायट्रोजन वायू दाबला जातो. हा दाब 350 बारपर्यंत, म्हणजे टायरमधील हवेच्या जवळपास शंभरपट जातो. गाडी निघताना तेच तेल उलट वाहते, पंपाची मोटार होते आणि गाडीला पहिला रेटा मिळतो. अवघ्या काही सेकंदांत मोठी शक्ती घेणे आणि देणे, हे या यंत्रणेचे खरे बळ.

मालकाच्या दृष्टीने प्रश्न रुपयांचा आहे. मालासह तीन टन वजनाची पिकअप ताशी 40 किलोमीटर वेगात असताना तिच्यात सुमारे 185 किलोज्यूल ऊर्जा असते. यंत्रणेतील घट वजा करून उरलेल्या ऊर्जेसाठी इंजिनाला फार तर 15 मिलिलिटर डिझेल लागले असते. दिवसाला शंभर थांबे धरले, तर बचत दीड लिटरची. मात्र परतीची गाडी रिकामी असते आणि कोंडीत 40 चा वेग क्वचितच गाठला जातो. त्यामुळे निम्मी बचत धरणेच शहाणपणाचे. डिझेलचा दर 95 रुपये मानल्यास दिवसाकाठी सत्तर रुपये हाती राहतात. टाक्या, पंप आणि तेल यांनी गाडीचे वजन दीड-दोनशे किलोंनी वाढले, तर तेवढा माल प्रत्येक फेरीत कमी न्यावा लागेल. भाडे मालावर मिळते, तंत्रज्ञानावर नव्हे.

जगाचा अनुभवही याच दिशेचा आहे. फोर्डने 2002 मध्ये डेट्रॉईटच्या प्रदर्शनात हायड्रॉलिक साहाय्य असलेली एफ-350 टॉन्का ही पिकअप मांडली. ती बाजारात आली नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2006 मध्ये यूपीएस कंपनीच्या वाटप-गाडीवर हे तंत्र बसवले. प्रयोगशाळेतील चाचणीत इंधन-कार्यक्षमता 60 ते 70 टक्क्यांनी वाढल्याचे सांगण्यात आले. परंतु त्या गाडीत नेहमीचा गिअरबॉक्सच काढून टाकलेला होता. जुन्या गाडीला जोडसंच लावून तसा आकडा येत नाही, हे जाहिरातीत सहसा सांगितले जात नाही. पुढे फ्रान्सच्या पीएसए समूहाने 2013 मध्ये हवेच्या दाबावरील हायब्रिड मोटारीची घोषणा केली आणि खर्च वाटून घेणारा भागीदार न मिळाल्याने ती गुंडाळली.

दुरुस्तीची अडचण मात्र वाटते तेवढी मोठी नाही. टिपर आणि जेसीबीचे पंप, सिलिंडर उघडणारे कारागीर बालानगरसारख्या वसाहतीला नवखे नाहीत. खरी अडचण काळाची आहे. टाटाची एस ईव्ही 2022 मध्ये आली. तेलंगण सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये विजेवरील वाहनांना डिसेंबर 2026 अखेरपर्यंत मार्ग कर आणि नोंदणी शुल्कातून सूट दिली. तेलाच्या दाबावर चालणारी डिझेल गाडी या सवलतीत बसत नाही. शिवाय विजेची गाडी ब्रेकची ऊर्जा परत मिळवतेच, वर डिझेलही वाचवते.

गोव्याच्या वाचकाला हा फरक चोर्ला घाटात अधिक स्पष्ट दिसेल. बेळगावहून भाजी घेऊन उतरणाऱ्या तीन टनी पिकअपची सहाशे मीटरची उतरण धरली, तर तिच्यात शहरातील सुमारे 95 थांब्यांइतकी ऊर्जा असते. एका थांब्याच्या मापाची टाकी पहिल्या दहा-पंधरा मीटरांच्या उतारातच भरेल. पुढचा सारा घाट ब्रेक तापवतच उतरावा लागेल. बॅटरी मात्र ती पाच युनिट वीज बरीचशी सामावून घेऊ शकते.

तेलदाबाला जागा उरते ती कचरागाडीत. ती वजनाने जड असते, घरोघरी थांबते आणि कचरा दाबण्यासाठी हायड्रॉलिक पंप तिच्यात आधीच असतो. अमेरिकेत या तंत्राला गिऱ्हाईक मिळाले तेही मुख्यतः तेथेच. हैदराबाद असो वा गोव्यातील पालिका, कॉम्पॅक्टर खरेदीच्या निविदेत निदान एका गाडीवर अशी चाचणी मागता येईल. कुकटपल्लीच्या पिकअपमालकाने मात्र जोडसंचावर कर्ज काढण्यापूर्वी आपल्या दिवसभराच्या थांब्यांची मोजणी करावी.