नकाशा जिंकला, राज्य जिंकले का?

१/
इ.स. १७००. ‘एम्पायर: टोटल वॉर’ या २००९ सालच्या गेमचा पट याच वर्षी उघडतो आणि त्यात मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येते. समोर अवाढव्य मोगल सत्ता, आपल्या हाती लहानसा मुलूख. नकाशाच्या हिशेबाने मोगल जिंकत आलेले दिसतात. इतिहासाच्या हिशेबाने ते हरू लागले होते. हा धागा या दोन हिशेबांतल्या तफावतीविषयी. 🧵

२/
विजापूर १६८६ मध्ये पडले, गोवळकोंडा १६८७ मध्ये. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली आणि रायगडही गेला. मोगल साम्राज्य पूर्वी कधीही नव्हते इतके विस्तारले. बहुतेक गेममध्ये इथे विजयाची पाटी झळकली असती. प्रत्यक्षात औरंगजेब आणखी १८ वर्षे दक्षिणेतच झुंजत राहिला आणि १७०७ मध्ये, उत्तरेचे पुन्हा दर्शन न घेता, अहमदनगरजवळ मरण पावला.

३/
असे का झाले? किल्ला एकीकडून घ्यावा आणि दुसरीकडून गमवावा, हे चक्र थांबेना. युद्धाने उजाड झालेल्या मुलखातून वसूल येईना. नव्याने चाकरीत घेतलेल्या दख्खनी सरदारांना द्यायला जहागिरी पुरेनात. भूमी ताब्यात आली, पण त्या भूमीवरच्या माणसांना ही सत्ता आपली वाटली नाही. तलवारीने उघडलेले दार तलवारीनेच उघडे धरून ठेवावे लागले.

४/
आता गेमकडे वळू. १९९१ च्या पहिल्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये जिंकण्याचे मार्ग दोनच: सर्व प्रतिस्पर्ध्यांचा नाश, किंवा अल्फा सेंटॉरी ताऱ्याकडे यान. २००१ च्या तिसऱ्या भागात संस्कृतीला बळ मिळाले. तिच्या प्रभावाने सीमा रुंदावत आणि शेजाऱ्याचे शहर न लढता आपल्याकडे येऊ शके. पुढे सांस्कृतिक आणि राजनैतिक विजयाचे मार्गही विस्तारत गेले.

५/
हे स्वागतार्हच. पण खरी अडचण इथेच सुरू होते. युद्धाचा विजय एक, संस्कृतीचा दुसरा, मुत्सद्देगिरीचा तिसरा, अशी स्वतंत्र दारे मांडली की खेळाडू एक दार निवडतो आणि बाकीची विसरतो. संस्कृती म्हणजे ज्यांना लढायचे नाही त्यांच्यासाठीचा पर्याय, असा समज रुजतो. इतिहासात असा निवडीचा फलक कोणत्याही राज्यकर्त्यापुढे नव्हता.

६/
१६७४ चा राज्याभिषेक पाहा. किल्ले होते, फौज होती, आरमार होते. तरीही शिवाजी महाराजांना अभिषेक, छत्र, स्वतःचे होन आणि स्वतःची राजभाषा यांची गरज भासली. राज्यव्यवहारकोशातून फारसी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव. हा ‘सांस्कृतिक विजय’ नव्हता. जे जिंकले त्याला राज्य म्हणता यावे, यासाठीची ती पायाभरणी होती.

७/
दक्षिण दिग्विजय तर याहून बोलका. १६७७ मध्ये महाराज आधी भागानगरास गेले. अबुल हसन कुतुबशहाशी करार केला, पैसा आणि तोफखाना यांची मदत मिळवली, मगच जिंजीकडे वळले. १२ वर्षांनी, रायगड धोक्यात असताना, राजाराम महाराजांना आसरा मिळाला तो याच जिंजीत. १६९८ पर्यंत तो किल्ला मोगलांना गुंतवून बसला. तहाच्या बळावर झालेल्या मोहिमेने पुढच्या पिढीला राज्य टिकवायची जागा दिली.

८/
ही गुंतागुंत पकडण्याचा उत्तम प्रयत्न ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ने केला आहे. १४४४ मध्ये सुरू होणाऱ्या या गेममध्ये प्रत्येक जिंकलेल्या प्रांतामागे शेजाऱ्यांची नाराजी वाढते; ती मर्यादेपलीकडे गेली की ते तुमच्याविरुद्ध एकवटतात. नवा मुलूख पचवायला प्रशासकीय शक्ती खर्ची पडते. पचण्याआधी आणखी गिळला, तर बंडे होतात. इथे मुत्सद्देगिरी वेगळे दार उरत नाही. ती युद्धाचीच किंमत ठरते.

९/
मात्र यातही एक मोठी पळवाट आहे. ही नाराजी वर्षागणिक आपोआप ओसरते. खेळाडू थोडा थांबतो, काळ वेगाने पुढे नेतो आणि पुन्हा चाल करतो. खऱ्या इतिहासात दुखावलेली मने केवळ दिनदर्शिका उलटल्याने निवळत नाहीत. ती कोणीतरी निवळावी लागतात. मराठ्यांनी हा धडा फार महागात घेतला.

१०/
जयपूरच्या वारसा-कलहात मराठे उतरले, खंडणीसाठी तगादा लावला. १७५० च्या अखेरीस ईश्वरीसिंहाने आत्महत्या केली. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या. नकाशा डोळे दिपवणारा होता. पण १७६१ च्या पानिपतावर राजपूत राजे अलिप्त राहिले, शुजाउद्दौला अब्दालीच्या गोटात होता आणि सूरजमल जाट आधीच मोहीम सोडून गेला होता.

११/
त्याच सूरजमलाने पराभवानंतर परतणाऱ्या मराठ्यांना आपल्या मुलखात आसरा दिला. म्हणजे तो वैरी नव्हता. वेळीच सांभाळला असता, तर कदाचित सोबत राहिला असता. गेमच्या भाषेत सांगायचे तर सैन्याचा आकडा मोठा होता आणि संबंधांचा रकाना रिकामा. पानिपताचे एकमेव कारण हे नव्हे. पण हे कारण वगळून पानिपत समजतही नाही.

१२/
यावर दोन आक्षेप येतात. पहिला: लढाई रंजक असते, वाटाघाटी कंटाळवाण्या. हा दोष वाटाघाटींचा नव्हे, रचनेचा आहे. भागानगरची भेट किंवा शुजाला आपल्याकडे ओढण्यासाठी दोन्ही छावण्यांत चाललेली चढाओढ यांत नाट्य काय कमी होते? गेममध्ये ते ‘भेटवस्तू पाठवा’ या एका कळीपुरते उरते, म्हणून नीरस वाटते.

१३/
दुसरा आक्षेप: तलवारीविना राज्य उभे राहते का? नाही राहत, आणि तसा दावाही नाही. प्रतापगडाविना १६७४ चे सिंहासन शक्य नव्हते. प्रश्न तलवार हवी की नको हा नसून, ती म्यान केल्यानंतर काय करायचे हा आहे. चिपळूणच्या छावणीतील लष्कराला रयतेच्या धान्याला, भाजीपाल्याला हात लावू नका असे बजावणारे शिवाजी महाराजांचे पत्र याच प्रश्नाचे उत्तर आहे.

१४/
म्हणून चांगल्या गेमची कसोटी ही असावी: जिंकल्यानंतरची दहा वर्षे तो खेळायला लावतो का? २०१८ मध्ये ‘सिव्हिलायझेशन ६’मध्ये शहरांची निष्ठा आली, २०१९ मध्ये राष्ट्रांमधली गाऱ्हाणी. दिशा योग्य आहे. पण संस्कृती ही गुणांची रास न राहता भाषा, नाणे, न्याय आणि वसुली यांत उतरेल, तेव्हाच गेम इतिहासाच्या जवळ जाईल.

१५/
आता पुन्हा १७०० च्या त्या पटाकडे. त्या गेममध्ये प्रांत जिंकला की परकीय सत्तेविरुद्धचा असंतोष दिसतो, आणि फौज वाढवली की तो दबतो. औरंगजेबानेही हाच उपाय केला होता. तेव्हा पुढच्या वेळी नकाशा एका रंगात रंगला, की गेम बंद करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: यातली फौज उद्या काढून घेतली, तर किती प्रांत आपले उरतील?

जे उरतील, तेवढेच राज्य. 🚩