दोरी ओढण्याचा अधिकार

१९५० साली जपानमधील टोयोटा कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभी होती. दीर्घ संघर्षानंतर दीड हजारांहून अधिक कामगारांना कंपनी सोडावी लागली. त्याच वेळी अध्यक्ष किइचिरो टोयोडा यांनीही पदत्याग केला. कामगार घरी जात असताना मालकाने खुर्ची सोडली, हे तेथील कामगार विसरले नाहीत. पुढे १९६२ मध्ये व्यवस्थापन आणि कामगार संघटना यांनी परस्परविश्वासाचा संयुक्त जाहीरनामा केला. आज आपल्या उद्योगविश्वात ‘लीन’ आणि ‘कायझेन’ हे परवलीचे शब्द झाले आहेत. शब्द आले, त्यांच्या मुळाशी असलेला विश्वास मात्र अनेक ठिकाणी आलाच नाही.

या पद्धतीचे बीज एका मागात आहे. किइचिरो यांचे वडील साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग तयार केला. सदोष कापड विणत राहण्यापेक्षा थांबणे बरे, हे त्यातील तत्त्व. ताइइची ओनो यांनी तेच तत्त्व मोटारींच्या कारखान्यात माणसांपर्यंत नेले. जुळणीच्या रांगेवरील कोणत्याही कामगाराला दोष दिसला, तर त्याने डोक्यावरची दोरी ओढायची. गटप्रमुख तत्काळ धावून येतो; दोष दूर झाला नाही, तर रांग थांबते. ‘कोणी केले?’ असे तेथे विचारायचे नसते, ‘का झाले?’ हा प्रश्न पाच वेळा विचारून मूळ कारण शोधायचे असते. ओनो यांनी अपव्ययाचे सात प्रकार सांगितले : गरजेपेक्षा अधिक उत्पादन, खोळंबा, अनावश्यक वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, जादा साठा, व्यर्थ हालचाल आणि सदोष माल. या यादीत माणूस नाही.

आपल्याकडे मात्र ‘लीन’चा अर्थ पुष्कळदा माणसे कमी करणे एवढाच लावला जातो. भिंतीवर फलक लागतात, सूचनापेटी टांगली जाते. पण यंत्राचा बदललेला आवाज ओळखणाऱ्या कामगाराने तोंड उघडले, की ‘तू तुझे काम कर’ हे उत्तर ठरलेले. मग दोष ग्राहकाच्या घरी पोहोचतो. भारतीय कामगार यात कमी पडतो, असे म्हणण्यास जागा नाही. सुंदरम-क्लेटन या भारतीय कंपनीने १९९८ मध्येच जपानचा प्रतिष्ठेचा डेमिंग पुरस्कार मिळविला आहे. उणीव मनोवृत्तीची आहे.

हे सर्व आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक होते, अशा समाधानात राहण्याचेही कारण नाही. जपानने १९५० मध्ये डेमिंग या अमेरिकन तज्ज्ञाकडून संख्याशास्त्रीय गुणवत्तानियंत्रण शिकून घेतले. ओनो यांनी अमेरिकेतील सुपरमार्केटची मांडणी अभ्यासली. जे घेतले ते पचवून स्वतःचे केले. स्वदेशीचा हाही एक अर्थ आहे.

दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ स्थापन केला. उद्योगांचे श्रमिकीकरण हे त्यांच्या विचारातील एक प्रमुख सूत्र. उद्योगात श्रमिकाला केवळ वेतन नव्हे, तर स्थान हवे, हा त्याचा आशय. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा जयंती साजरी होते, यंत्रांना हळदकुंकू वाहिले जाते. दुसऱ्या दिवशी त्या यंत्राशी आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाचे मत कोणी विचारत नसेल, तर ती पूजा अपुरी आहे. हा प्रश्न मोठ्या कंपन्यांपुरता नाही. राष्ट्रविचार मानणाऱ्यांचे लहान कारखाने, दुकाने, पतसंस्था, शाळा यांनाही तो लागू आहे.

खुद्द टोयोटालाही त्याचा विसर पडला होता. सदोष मोटारी परत बोलवाव्या लागल्या, तेव्हा फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे अध्यक्ष अकिओ टोयोडा यांनी कबुली दिली, की कंपनीची वाढ माणसे घडविण्याच्या वेगापेक्षा अधिक झाली. माणूस घडविणे हेच ज्या कार्याचे सूत्र आहे, त्यांना या कबुलीचा अर्थ वेगळा सांगावा लागू नये. आपल्या संस्थेत सर्वांत खालच्या माणसाच्या हाती दोरी आहे काय, आणि ती ओढल्यावर त्याच्याकडे कोणी कृतज्ञतेने पाहते काय, एवढे प्रत्येकाने तपासावे. सुधारणेचा प्रारंभ तेथूनच होईल.