वकिलाविरुद्धची तक्रार : दार एकच, तेही अरुंद

जबलपूर : पक्षकाराने वकील बदलला आणि जुन्या वकिलाने कागदपत्रे अडवून धरली, तर दाद कोठे मागायची? या प्रश्नाचे आज देशभर लागू असलेले उत्तर मध्य प्रदेशातील एका तक्रारीतून मिळाले आहे. १९९३ मध्ये राज्य सहकारी बँकेने आपल्या विधी सल्लागाराची नेमणूक संपुष्टात आणली. सल्लागाराने फायली परत करण्याऐवजी ९७ हजार १०० रुपयांचे देयक पाठवले आणि रक्कम मिळेपर्यंत फायली रोखून धरल्या. फेब्रुवारी १९९४ मध्ये प्रकरण जबलपूर येथे मुख्यालय असलेल्या राज्य बार कौन्सिलकडे गेले. वर्षभरात निर्णय न झाल्याने ते कायद्यानुसार बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग झाले. तेथे १८ महिन्यांच्या व्यवसायबंदीची शिक्षा झाली. शुल्क थकले म्हणून वकिलाला फायली अडवता येत नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००० मध्ये दिला. शिक्षा मात्र केवळ समज देण्यापर्यंत सौम्य केली.

तत्त्व प्रस्थापित झाले, पण त्यास साडेसहा वर्षे लागली. शिवाय तक्रारदार बँक होती. सिहोरा किंवा पाटण तालुक्यातील एखादा शेतकरी इतका काळ तग धरील, असे मानणे कठीण आहे.

अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार राज्य बार कौन्सिलची त्रिसदस्यीय शिस्तपालन समिती तक्रारीची सुनावणी करते. समितीचे सदस्य वकीलच असतात. ती वकिलास समज देऊ शकते, निलंबित करू शकते किंवा त्याचे नाव सूचीतून वगळू शकते. पक्षकाराला नुकसानभरपाई देणे तिच्या अधिकारात नाही. निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे व तेथून सर्वोच्च न्यायालयाकडे अपील करता येते. तक्रारी वर्षभरात निकाली काढा, असे सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा बजावावे लागले, यातच सारे आले.

भरपाईचा दुसरा, तुलनेने स्वस्त मार्ग १४ मे २०२४ रोजी बंद झाला. वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००७ मधील निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी रद्द ठरवला. वकील पक्षकाराच्या निर्देशानुसार काम करतो, या युक्तिवादात तथ्य आहे. परंतु ज्याला आपल्या दाव्याची पुढील तारीखही वकिलाच्या कारकुनाकडून कळते, तो पक्षकार निर्देश काय देणार? हलगर्जीपणाबद्दल दिवाणी दावा करण्याची वाट १९२६ च्या कायद्याने खुली ठेवली आहे. मात्र वकिलाविरुद्धच्या दाव्यासाठीही वकीलच शोधावा लागतो.

खरी उणीव त्याआधीच्या पायरीवर आहे. इंग्लंडमध्ये तक्रार कोणाकडे करायची, हे काम स्वीकारतानाच पक्षकाराला लेखी कळवणे विधी संस्थांवर बंधनकारक आहे. संस्थेने साधारणतः आठ आठवड्यांत समाधान न केल्यास २०१० पासून कार्यरत असलेल्या विधी लोकपालाकडे जाता येते आणि तो भरपाईचा आदेशही देऊ शकतो. आपला कायदा वकील ही व्यक्ती ओळखतो. दहा-वीस वकिलांच्या फर्मने अंतर्गत तक्रार व्यवस्था ठेवावी, अशी सक्ती त्यात नाही. परिणामी हिशेब न मिळण्यासारखी किरकोळ कुरबूरही थेट 'व्यावसायिक गैरवर्तन' ठरवून मांडावी लागते किंवा गिळावी लागते.

पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवणे आणि मागणी झाल्यास त्याची प्रत देणे, हे बार कौन्सिलच्या नियमांनुसार आजही वकिलाचे कर्तव्य आहे. वकीलपत्रावर सही करताना हे पक्षकाराला सांगितले जावे, अशी तरतूद मात्र कोठेही नाही.