खात्रीशीर इलाजाची खात्री कोणी केली?



घरात मोठे दुखणे शिरले की त्याच्या मागोमाग ‘खात्रीशीर इलाज’ सांगणारेही येतात. मग कोणी मंगळसूत्र मोडते, कोणी फंडातून कर्ज उचलते. इलाज सांगणारा प्रत्येक जण भोंदू असतो असे नाही. शिकलेला, प्रामाणिक डॉक्टरसुद्धा चुकू शकतो. अशाच एका संशोधकाची हकीकत आज सांगतो.

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे ‘एमएस’, हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार आहे. विजेच्या वायरीवर जसे प्लास्टिकचे वेष्टण असते, तसे आपल्या मज्जातंतूंवरही वेष्टण असते. शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच उलटून ते कुरतडू लागते. मग एका डोळ्याने अंधुक दिसते, हातपाय बधिर होतात, तोल जातो. आजार बहुधा २० ते ४० या कमावत्या वयात सुरू होतो आणि स्त्रियांत जास्त आढळतो. पुष्कळ रुग्णांत झटका येतो आणि काही आठवड्यांनी आपोआप ओसरतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

इटलीतील फेरारा विद्यापीठाचे डॉ. पाओलो झांबोनी हे रक्तवाहिन्यांचे सर्जन. त्यांच्या पत्नीलाच हा आजार झाला होता. २००९ साली त्यांनी असे मांडले की, मानेतील आणि छातीतील शिरा अरुंद असल्यामुळे मेंदूकडून परतणारे रक्त तुंबते आणि त्यातून एमएस होतो. त्यांनी ६५ रुग्णांच्या शिरा फुग्याने रुंद केल्या आणि अनेकांना बरे वाटले असे प्रसिद्ध केले.

बातमी जगभर पसरली. कॅनडात हा इलाज मिळेना, म्हणून तेथील रुग्ण पदरचा पैसा मोडून पोलंड, मेक्सिको, कोस्टा रिका आणि भारतातही आले. २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला, की या इलाजानंतर मृत्यू, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या झाल्याच्या नोंदी आहेत. २०१३ मध्ये कॅनडातील संशोधकांना दिसले, की अशा अरुंद शिरा निरोगी माणसांतही तितक्याच असतात.

मग त्यांतल्या अनेकांना बरे कसे वाटले? झटका आपोआप ओसरतो, हे वर सांगितलेच. त्यात आशेचा जोर असतो. इलाज न केलेल्यांशी तुलना केली नाही, तर श्रेय इलाजाला जाते. जमेची बाजू दाखवली आणि खर्चाची लपली, तर हिशेब जुळला असे आपण म्हणू का?

ही तुलना पुढे खुद्द झांबोनींनीच केली. ११५ रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकल्यागत दोन गट केले. ७६ जणांच्या शिरा रुंद केल्या. ३९ जणांच्या शिरेत नळी घातली, पण फुगा फुगवला नाही. कोणाला काय केले हे रुग्णांनाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. वर्षभराने इलाज झालेल्यांपैकी सुमारे ४२ टक्के सुधारले होते, तर नुसती नळी घातलेल्यांपैकी सुमारे ४९ टक्के! या इलाजाची शिफारस करता येत नाही, असा निष्कर्ष त्यांनी २०१७ साली स्वतःच्या नावानिशी छापला.

स्वतःचा सिद्धांत कसोटीला लावून निकाल उलट आला तरी तो जगापुढे ठेवणे, याला धैर्य लागते. मात्र ही तपासणी आधी झाली असती, तर कित्येक घरांचे पैसे आणि काहींचे प्राणही वाचले असते.

आज एमएस मुळापासून बरा करणारे औषध नाही, पण झटके कमी करणारी औषधे आहेत. ती जितक्या लवकर सुरू होतील तितके बरे. अशी लक्षणे दिसल्यास मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचे नाव आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरल्यास सवलती मिळू शकतात. म्हणून सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र घ्या.

आणि कोणी ‘खात्रीशीर इलाज’ म्हणाला, तर पैसे काढण्याआधी तीन प्रश्न विचारा. इलाज न केलेल्यांशी तुलना केली काय? ती कोठे छापली? अपाय किती जणांना झाला? उत्तर मिळाले नाही, तर मंगळसूत्र गळ्यातच राहू द्या.