मोबदला म्हणजे कमाई नव्हे



सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कणकवली तालुक्यात तळेरे नावाचे गाव आहे. गगनबावड्याकडून उतरणारा कोल्हापूरचा रस्ता तिथे मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. महामार्ग चौपदरी करताना या पट्ट्यातल्या रस्त्याकडेच्या जमिनी गेल्या, झाडे गेली, घरे-दुकाने गेली. आंबा-काजूच्या त्या मुलखाचे आपल्या पऱ्हाटी-ज्वारीच्या रानाशी काय नाते, असे कोणी विचारील. नाते रस्त्याचेच आहे. समृद्धी महामार्गात विदर्भ-मराठवाड्याच्या जमिनी गेल्या. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत शक्तिपीठ महामार्ग नेण्याचा आराखडा सरकारने मांडला, त्यात तर यवतमाळ, परभणी आणि सिंधुदुर्ग एकाच दोरीत ओवले आहेत. म्हणून तळेऱ्याला जो प्रश्न पडतो तोच आपल्यालाही पडणार आहे: या पैशावर इन्कम टॅक्स लागतो काय?

आमचे म्हणणे सरळ आहे. दूध विकले तर ती कमाई. गाय दावणीतून सोडून नेली आणि तिची किंमत हातावर ठेवली, तर ती कमाई कशी? शेतकऱ्याने जमीन नफ्यासाठी विकायला काढली नव्हती. ती घेतली गेली. नवल असे की बऱ्याच अंशी कायदाही हेच म्हणतो. अडते ते कागदावर आणि टेबलावर.

शेतजमिनीच्या पैशावर कर आहे काय? ग्रामीण शेतजमीन ही आयकराच्या भाषेत भांडवली मालमत्ताच नाही. त्यामुळे ती संपादनात गेली काय किंवा राजीखुशीने विकली काय, भांडवली नफ्याचा कर लागत नाही. 1961 च्या कायद्यात हे होते आणि 1 एप्रिल 2026 पासून अंमल असलेल्या नव्या कायद्यातही तत्त्व तेच आहे.

ग्रामीण कशाला म्हणायचे? नगरपालिका किंवा नगरपंचायतीची लोकसंख्या 10 हजारांवर ते 1 लाखापर्यंत असेल तर तिच्या हद्दीपासून 2 किलोमीटरच्या बाहेर. 10 लाखांपर्यंत असेल तर 6 किलोमीटरच्या बाहेर. त्याहून मोठे शहर असेल तर 8 किलोमीटरच्या बाहेर. अंतर सडकेने मोजत नाहीत, सरळ रेषेत मोजतात. कणकवलीची हद्द तळेऱ्यापासून 2 किलोमीटरच्या कितीतरी पलीकडे आहे. आपले गाव कुठे बसते ते प्रत्येकाने आजच पाहून ठेवावे.

शहरालगतची किंवा बिगरशेती जमीन गेली तर? भूसंपादनाच्या 2013 च्या कायद्यात कलम 96 आहे. त्या कायद्याखालच्या निवाड्यावर आणि करारावर आयकर नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 25 ऑक्टोबर 2016 च्या परिपत्रकात ते मान्य केले. सरकार 'थेट खरेदी' म्हणून खरेदीखत करून घेते तेव्हा घोळ होतो. बुलेट ट्रेनच्या जमिनीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2022 साली अशा खरेदीलाही करमाफी लागू धरली. राष्ट्रीय महामार्गाचे संपादन 1956 च्या वेगळ्या कायद्याने होते, तिथे या माफीवरून खाते वाद घालते. म्हणून सही करण्याआधी कागद कोणत्या कायद्याखालचा आहे ते वाचून घ्या.

पैसे देतानाच 10 टक्के कापले तर? शेतजमिनीच्या मोबदल्यातून ही कपात करायचीच नाही, असे कायदा सांगतो. तरी कापली, तर विवरणपत्र भरल्याशिवाय ती परत मिळत नाही. सामाईक सातबारावर दहा नावे असतील तर ज्याची त्याची रक्कम वेगळी आणि ज्याचे त्याचे विवरणपत्र वेगळे. मुंबईला गेलेल्या भावालाही हे कळवा.

व्याजाचे काय? वाढीव मोबदल्यावरचे व्याज खाते वेगळे उत्पन्न धरते. त्यातले निम्मे वजा करून उरलेल्यावर कर मागते. मोबदला बँकेत मुदत ठेवीत ठेवला तर त्याचे व्याज हे शेतीचे उत्पन्न नव्हे.

12 लाखांपर्यंत कर नाही म्हणतात ना? नव्या पद्धतीतली ती सवलत भांडवली नफ्याला लागू नाही. शहराच्या हद्दीतली जमीन राजीखुशीने विकली तर 12.5 टक्के कर बसू शकतो. ती जमीन विक्रीआधी दोन वर्षे कसलेली असेल आणि दोन वर्षांच्या आत दुसरी शेतजमीन घेतली, तर तेवढ्या रकमेपुरती सूट मिळते.

आता मुद्द्याचे बोलू. ही सगळी माफी सातबाराच्या एका रकान्यावर उभी आहे. पाऊस दगा देतो, पेरणी साधत नाही आणि पिकाच्या रकान्यात 'पड' लागते. कोकणातही कातळाची, वरकस जमीन 'पडीक' म्हणून पडून असते. पुढे साहेब म्हणतो, ही शेती कशावरून? 2021 पासून ई-पीक पाहणी आपल्याच हाती आली आहे. हंगाम बुडाला तरी जे पेरले त्याची नोंद करा. बियाण्याची पावती, गाठोड्यातल्या कापूसपट्ट्या जपून ठेवा.

पण सगळा भार शेतकऱ्यानेच का वाहावा? जमीन घेणारे सरकार, पैसे देणारे सरकार आणि कर मागणारेही सरकार. तिघांनी आपापसांत बोलून घ्यावे. म्हणून येत्या जिल्हा बैठकीत दोन ठराव मांडू. एक, प्रत्येक निवाड्यावर आणि खरेदीखतावर 'हा मोबदला करमुक्त आहे' हे वाक्य कायद्याच्या कलमासह छापलेले असावे. दोन, चुकीने कापलेली रक्कम कापणाऱ्या कार्यालयानेच परत मिळवून द्यावी.

हे होईतो सातबारा, फेरफार, निवाड्याची नक्कल आणि बँकेचा उतारा एका पिशवीत ठेवा. जमीन गेली तरी ती पिशवी जाता कामा नये.